एको पॉइंटवरची ड्युटी

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. पावसाळ्यात आमच्या भोकरमाथ्यात भिंतींना शेवाळ धरतं ना, तसे ते धरतात. कोणी घासत नाही, म्हणून राहतात. मी नाशिकला गेलो की जुने रूममेट चहा यायच्या आतच सुरू होतात, "निल्या, गावाकडचा एक सांग!" एक झाला की दुसरा. दुसरा झाला की "तो प्रोफेसरचा सांग, तो लग्नाचा सांग." तेच तेच सांगून माझा घसा बसतो, आणि घसा हेच माझं पोटापाण्याचं साधन आहे. ते कसं, ते कळेलच. म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

गाव आधी सांगतो. नाशिकहून तासभर, मुंबईहून तीन-साडेतीन तास. शाळेच्या निबंधातलं 'डोंगराच्या कुशीत वसलेलं' वगैरे काही नाही. डोंगराच्या खांद्यावर टॉवेल टाकावा तसं टाकलेलं गाव आहे. पाऊस सगळा आमच्या डोक्यावर पडतो, पाणी शहरांच्या नळाला जातं, आणि मार्च उजाडला की आमच्याकडे टँकर! गावातली मोठी माणसं तरीही याला निसर्गरम्य म्हणतात. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी असतानासुद्धा म्हणतात.

आता माझं. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं. का सोडलं ते विचारू नका, सोडायला तिसरं वर्ष का लागलं ते विचारा. घरी येऊन सांगितलं, त्या दिवशी आप्पा जेवत होते. आप्पा म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेतून रिटायर झालेले हेडमास्तर. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "काम लागेपर्यंत माझ्या शेजारी ताटावर बसायचं नाही."

मी काय गप्प बसणार? मी म्हणालो, "काम लागलं तरी बसणार नाही. तुम्ही स्वतः हाक मारून बोलवाल, तेव्हाच बसेन."

झालं! त्या दिवसापासून आप्पांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. ते आधी जेवायचे, मग मी. आई दोघांना वेगवेगळं गरम करून वाढायची आणि दोघांना एकच शिवी द्यायची, "हट्टी मेले!" दीड वर्ष हे असंच चाललं.

*

आमच्या गावाला एक एको पॉइंट आहे. म्हणजे होता. म्हणजे आहे, पण सांगतो थांबा.

गावाच्या टोकाला एक खोल घळ आहे. अलीकडे कठडा, पलीकडे काळा कडा. कठड्यावरून ओरडलं की आवाज पलीकडे आपटून परत यायचा. लहानपणी आम्ही तिथे एकमेकांच्या बापाचं नाव घेऊन ओरडायचो, डोंगर इमानदारीत परत करायचा. मग शहरातली माणसं यायला लागली. गावातल्या जाणत्या मंडळींनी पर्यटन समिती काढली. अध्यक्ष बापू, आमचे माजी सरपंच. बापूंचं म्हणणं, एको ऐकायला माणसं यायची तर गाडी पॉइंटपर्यंत गेली पाहिजे. गाडी जायची तर रस्ता पाहिजे. रस्त्याला खडी पाहिजे.

खडी कुठून आणली असेल? पलीकडच्या कड्यातून!

चार महिने सुरुंग लावून कडा फोडला. झकास रस्ता झाला. उद्घाटनाला बापूंनी नारळ फोडला, कठड्यावर उभे राहिले, छाती भरून ओरडले, "भोकरमाऽऽथा!"

काही आलं नाही. घळीतून एक टिटवी तेवढी उडाली.

बापू पुन्हा ओरडले. मग उपाध्यक्ष ओरडले. मग सगळी समिती एकदम ओरडली. समोरचा कडा भुसभुशीत होऊन ढिगाऱ्यासारखा पडलेला. तो काय बोलणार?

बापूंनी घाम पुसला आणि म्हणाले, "लाजला असंल."

*

त्याच आठवड्यात देवळात बैठक बसली. 'एको पॉइंट' असे सात बोर्ड नाशिकच्या रस्त्यापासून लावून झालेले. ते काढायचे कसे? त्यापेक्षा एको परत आणू, असं ठरलं. म्हणजे पलीकडच्या झाडीत एक माणूस बसवायचा! अलीकडून कोणी ओरडलं की त्यानं तेच परत ओरडायचं. साठी उलटलेल्या अकरा माणसांनी हा ठराव एकमताने पास केला, आणि यांच्यातले निम्मे लोक मला 'तुझ्या आयुष्याचं काय?' विचारतात.

निवडीसाठी ट्रायल झाली. पहिले बापूंचे मेहुणे. आवाज दणकट, पण 'हॅलो'नंतर खोकला. बापू म्हणाले, "डोंगराला टीबी झाल्यासारखं वाटतंय." दुसरे भजनी मंडळाचे सखाराम बुवा. "हॅलो" म्हटल्यावर पलीकडून आधी आलाप आला, मग हॅलो दोनदा, तिसऱ्यांदा तान घेऊन. चार मिनिटं चाललं. थांबेचनात. त्यांना आणायला माणूस पाठवावा लागला.

मी त्या वेळी स्टँडवर एसटीच्या कंडक्टरशी भांडत होतो. सुट्ट्या पैशांवरून नाही, त्याने मला 'बाळ' म्हटलं म्हणून. माझ्या शिव्या पॉइंटपर्यंत ऐकू गेल्या. पॉइंट स्टँडपासून पाऊण किलोमीटरवर आहे!

बापू तसेच बुलेटवर आले आणि म्हणाले, "निल्या, कामाला लाग."

कामाचे नियम समितीसमोर सांगितले गेले. एक, ऐकलेलं शेवटचं तेवढं तीनदा म्हणायचं, प्रत्येक वेळी हळू. दोन, हसायचं नाही. तीन, आणि हे बापूंनी बोट नाचवून सांगितलं, "कोणी काय बी विचारू दे, उत्तर द्यायचं नाय! प्रश्न आला तर प्रश्नच परत. डोंगरानं उत्तर दिलं की धंदा बसला."

चौथा नियम मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितला. "गुरुजींना कळता कामा नये."

बरोबर होतं. आप्पा खोटं सहन न करणारा माणूस. परीक्षेला स्वतःच्या मुलाची कॉपी स्वतः पकडलेली आहे त्यांनी. चौथीत. पट्टीवर नऊचा पाढा लिहिलेला होता.

*

पहिल्याच रविवारी पुण्याच्या एक बाई आल्या. नाजूक आवाजात "कुऽऽहू" म्हणाल्या. पलीकडून माझ्या आवाजात "कुऽऽहू… कुहू… हू" गेलं. म्हणजे कोकिळेला म्हशीनं दाद द्यावी तसं!

बाई दचकल्या. "अहो, माझा आवाज इतका जाड कसा आला?"

बापू शांतपणे म्हणाले, "दगड काळा हाय ना मॅडम. काळ्या दगडात आवाज जाड होतो."

बाईंनी नवऱ्याकडे वळून सांगितलं, "बघा, बेसाल्ट!"

तेव्हापासून बेसाल्टवर आमचं दुकान चाललं. लहान पोराचा आवाज मोठा आला, बेसाल्ट. गुजराती वाक्य अर्धंच आलं, बेसाल्ट. मला शिंक आली, ती पण बेसाल्ट.

मग प्रश्न आला जेवणाचा. मी दुपारी एकला डबा उघडणार आणि नेमका एक आख्खा क्लासचा क्लास कठड्यावर. कोणाला किती 'हॅलो' म्हणू? घास तोंडात. एको गप्प. लोक बापूंना विचारायला लागले. दुसऱ्या दिवशी बापूंनी बोर्ड लावला:

'एकोची वेळ सकाळी ९ ते १, दुपारी ३ ते ६. सोमवारी एको बंद राहील.'

मी म्हणालो, "बापू, एवढं खुळं कोणी नसतं हो!"

बोर्ड लावून वर्ष झालं. आजपर्यंत एकाही माणसाने विचारलेलं नाही की डोंगराला सोमवारची सुट्टी कशी काय. उलट ठाण्याचे एक काका बोर्डाचा फोटो काढून बायकोला म्हणाले, "याला म्हणतात शिस्त. खेडेगाव असून!"

*

मला काम लागलं, हे बापूंनी आप्पांना जाऊन सांगितलं. खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, या कलेत बापू पंचवीस वर्षं निवडून आलेले आहेत. म्हणाले, "गुरुजी, पोरगं आपल्या समितीत साउंडचं काम बघतं."

आप्पांनी पेपर उघडला. पण नातेवाइकांत आठवड्याभरात बातमी पसरली, निलेश साउंड इंजिनिअर झाला! देवळालीच्या आत्याने फोन करून विचारलं, "पुतण्याच्या लग्नात डीजे स्वस्तात करशील का रे?"

मला वाटलं, आता तरी आप्पा ताटावर बोलावतील. रात्री आई माझ्यासमोर ताट ठेवत म्हणाली, "ते म्हणतायत, ऑर्डर दाखव म्हणावं."

"कसली ऑर्डर?"

"नेमणुकीची. ऑर्डरशिवाय नोकरी नसते म्हणतात."

आप्पा तेव्हा चार फुटांवर पेपर वाचत होते! मी पेपरकडे बघून म्हणालो, "आई, त्यांना सांग, मिळेल."

आई पेपरकडे वळून म्हणाली, "मिळेल म्हणतोय." पेपर हलला नाही.

बापूंनी समितीच्या लेटरहेडवर ऑर्डर टाइप करून दिली. 'श्री. निलेश यांची ध्वनी सहायक पदावर नेमणूक करण्यात येत आहे.' खाली गोल शिक्का. मी ती ताटाशेजारी ठेवली. सकाळी पाहिलं तर ऑर्डर माझ्या उशाशी. कडेला लाल पेनाने, आप्पांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं:

'जावक क्रमांक नाही.'

बापूंकडे जावक रजिस्टरच नव्हतं. त्या समितीतून आजवर बाहेर काही गेलेलंच नव्हतं, आतच यायचं.

*

एको पॉइंटवर सुमनमावशी बसतात. मक्याची कणसं भाजतात. अलीकडे काय काय घडलं ते संध्याकाळी मला त्याच सांगतात, कारण मला पलीकडून फक्त ओरडलेलं ऐकू येतं. आमच्या धंद्यात ओरडणं मी बघतो आणि कुजबुज मावशी.

एकदा एक जोडी आली. मुलगा नाशिकचा, शर्टाला इस्त्री, सोबत कॅमेरावाले दोन मित्र. मुलगी बिचारी साधी फिरायला म्हणून आलेली. मुलाने कठड्यावर एक पाय ठेवला आणि ओरडला, "प्राचीऽऽ, माझ्याशी लग्न करशीऽऽल?"

मी माझं काम केलं. "करशील… करशील… शील…"

कॅमेरे मुलीकडे वळले. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं, कणसं हातात, थांबलेली. मुलगी हळूच काहीतरी म्हणाली. मुलाला ते पटलं नाही. तो म्हणाला, "असं नाही, डोंगराला सांग!"

मुलगी वैतागली. कठड्याशी आली आणि ओरडली, "नाऽऽही!"

आता मी काय करणार? नियम म्हणजे नियम.

"नाही… नाही… नाही…"

मुलगा बाकावर बसला. मावशींनी त्याला एक कणीस दिलं, लिंबू जरा जास्त लावून. तो बराच वेळ ते नुसतं धरून बसला आणि मग म्हणाला, "मावशी, तिचं एक नाही मी सहन केलं असतं. ते वरचे तीन कशाला?"

*

प्रोफेसरांचा किस्सा हा असा.

भूगोलाचे एक प्रोफेसर वीस मुलं घेऊन आले. स्टॉपवॉच, वह्या, मोजपट्टी. समितीत पळापळ झाली. बापूंनी सांगून पाठवलं, "निल्या, आज घड्याळ लावून बोल!" आता पलीकडे झुडपात बसून मी कोणतं घड्याळ लावू? तिथे मुंग्या लावून बसलो होतो.

सर ओरडले, "हॅलो!" मी दिलं. तीन सेकंद. मुलांनी लिहून घेतलं.

सर पुन्हा ओरडले. मला मुंगी चावली. सात सेकंद.

सर विचारात पडले. मुलांना म्हणाले, "आत पोकळ्या आहेत. आवाज फिरून येतोय."

तिसऱ्या वेळी सरांनी दोन्ही हात तोंडाशी नेले. मला वाटलं, झालं सुरू. मी उशीर नको म्हणून लगेच दिलं, "हॅलोऽऽ… हॅलो… लो…"

सर ओरडलेच नव्हते! त्यांना शिंक यायची होती, म्हणून हात नेले होते.

वीस मुलं पुतळ्यासारखी. सर हात तसेच तोंडाशी धरून उभे. आधी एको, आवाज बाकी! बापूंनी बेसाल्टसाठी तोंड उघडलं, पण बेसाल्टलासुद्धा काही मर्यादा असते.

तेवढ्यात सुमनमावशी निखाऱ्यावर वारा घालत म्हणाल्या, "त्यात काय, सर? आमच्याकडं पाहुण्यानं हाक मारायच्या आत आम्ही ओ देतो."

सरांनी तेही लिहून घेतलं.

*

उन्हाळ्यात एक साहेब आले. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही, पाण्याचे होते एवढं पुरे. गावात टँकर दोन दिवस आलेला नव्हता. बायका हंडे घेऊनच सभेला बसल्या. साहेबांनी भाषण केलं. योजना मंजूर आहे, पाइप मंजूर आहे, टाकी मंजूर आहे. मग बापू त्यांना पॉइंटवर घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, डोंगराला पण सांगा की! शुभ होईल."

साहेब खूश. कठड्याला रेलून ओरडले, "पुढच्या वर्षी, घरोघरी, नळाला पाऽऽणी!"

नियमाप्रमाणे मी 'पाणी… पाणी…' म्हणायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी माझ्या बाटलीत पाणी नव्हतं. मी सकाळी आईला हंडा घेऊन दोन किलोमीटर जाताना पाहिलं होतं. शेवटचं तेवढं म्हणायचं, हा नियम मी पहिल्यांदा मोडला. मी त्यातलं पहिलं उचललं.

"पुढच्या वर्षी… पुढच्या वर्षी… पुढच्या वर्षी…"

तीनवर थांबलो पण नाही. जमेल तितका वेळ चालू ठेवलं.

अलीकडे आधी एक बाई हसली. मग हंडे खाली ठेवून सगळ्या हसायला लागल्या. साहेब गाडीत बसले, काच वर केली. बापूंचा चेहरा एवढा लाल की पलीकडूनही दिसला.

संध्याकाळी बापू मला म्हणाले, "तू डोंगर हायेस. डोंगराला अक्कल नसते!"

मी म्हणालो, "असती तर त्यानं तुम्हाला खडी नेऊ दिली असती का?"

मला वाटलं, काम गेलं. तीन दिवस मी पॉइंटवर गेलो नाही. आणि गंमत म्हणजे तिसऱ्या दिवशी आईने माझ्या डब्यासोबत कागदाची एक पुडी ठेवली. ज्येष्ठमध.

"हे कशाला?"

"घशाला."

"कोणी आणलं?"

"आणलं कोणीतरी. उद्यापासून जा कामावर. नि उन्हात टोपी घाल."

आई आयुष्यात ज्येष्ठमधाच्या दुकानात गेलेली नाही. ते दुकान नाशिकला आहे, आणि त्या आठवड्यात नाशिकला घरातला एकच माणूस गेला होता, पेन्शनच्या कामाला. मी त्यावर फार विचार केला नाही. पुडी खिशात टाकली.

*

आता शेवटचा. रूममेट हा मला दर वेळी सांगायला लावतात, आणि दर वेळी शेवटी एकच प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर मला अजूनही माहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आप्पांचे जुने मित्र पवार सर नाशिकहून गाडी घेऊन आले. सोबत बायको, सून, आणि गाडीभर मोठेपणा. आप्पा आणि ते एका शाळेत लागले होते. दुपारी आमच्याकडे चहा-चिवडा झाला. पवार सर म्हणाले, "गुरुजी, तुमचा तो एको दाखवा की राव. व्हॉट्सअॅपवर फार गाजतोय!"

आप्पा समितीचा एको सुरू झाल्यापासून एकदाही पॉइंटवर आलेले नव्हते. त्या दिवशी टोपी घालून निघाले. आई पण निघाली. हे मला पलीकडच्या झुडपातून दिसलं तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. पांढरी टोपी, काखेत छत्री, चालण्याची ती ढब. मी होतो तिथेच खाली बसलो. बापूंनी तर कठड्याजवळून मला दोन्ही हातांनी खाली बसायची खूण केली, मी आधीच बसलेलो असताना.

आधी पवार सर पुढे झाले. पोट कठड्याला टेकवून ओरडले, "आमचा स्वप्निल मॅनेजर झाऽऽला!"

"झाला… झाला… ला…" मी म्हणालो. जीव ओतून नाही, पण म्हणालो.

पवार सर हसत वळले. पुढचं मला ऐकू आलं नाही, मावशींनी सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा निलेश काय करतो हो हल्ली? ते इंजिनिअरिंग सुटलं म्हणे?"

आप्पा म्हणाले, "आहे कामाला."

"कुठं?"

आप्पांनी छत्री आईच्या हातात दिली. टोपी नीट केली. कठड्यापाशी आले. आजूबाजूला शहरातले पन्नास-साठ लोक, मोबाइल वर धरलेले. आणि या माणसाने, ज्याचा आवाज मी फक्त हजेरी घेताना चढलेला ऐकलाय, दोन्ही हात तोंडाशी नेले.

"निलेऽऽऽश!"

माझी जीभ सवयीने हलली. "लेश… एश…" एवढंच आलं. तिसरं आलं नाही.

"जेवायला चऽऽल!"

मला बापू दिसत होते, नुसती मान हलवत होते, नाय, नाय, नाय. नियम तीन. प्रश्न नव्हता खरं तर, पण नियम कळत होता. नुसतं 'चल… चल…' म्हटलं असतं तरी धंदा वाचला असता. दीड वर्ष ज्या हाकेची वाट बघितली तीच आप्पा मारतायत, आणि मी त्यांना त्यांचेच शब्द परत करू?

मी गप्प बसलो.

पवार सर म्हणाले, "बंद पडला वाटतं."

बापू संधी साधून पुढे झाले. "व्हय व्हय, टाइम झाला, गुरुजी. सहाला बंद होतो, बोर्ड हाय ना!"

आप्पांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "अजून पाच मिनिटं आहेत."

आणि पुन्हा कठड्याकडे वळले. या वेळी आवाज शाळेतला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"जेवायला चल म्हणतोय मीऽऽ!"

मी उभा राहिलो. झुडपाच्या वर डोकं आलं का, मला माहीत नाही. बघितलं नाही. मी ओरडलो, "भाजी काय केलीऽऽय?"

साठ मोबाइल जागच्या जागी थिजले. बापू मटकन बाकावर बसले. पवार सरांच्या सुनेने तोंडावर हात ठेवला. आप्पांना मात्र काडीचं आश्चर्य वाटलं नाही. त्यांना हे कधीपासून ठाऊक होतं, हाच तो रूममेटांचा प्रश्न. आईकडे वळून त्यांनी विचारलं, आईने पदराने डोळे पुसत काहीतरी सांगितलं, आणि ते पुन्हा घळीकडे वळून ओरडले,

"पाटवड्यांचा रस्साऽऽ!"

मावशींच्या निखाऱ्यावर म्हणे नुसती कणसं तडतडत होती. शेवटी रांगेत पुढचा नंबर ज्यांचा होता ते एक जाडसर काका पुढे आले, घसा खाकरला, बायकोकडे मोबाइल दिला आणि समोरच्या डोंगराला मनापासून विचारलं,

"आणि आमच्या हॉटेलात आज काय आऽऽहे?"

ते मी ऐकलं. पण पलीकडून काहीच गेलं नाही. मी तोवर निम्मी वाट उतरलो होतो.